जादूगाराचा ज्वालामुखी

८ मे १९०२. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण. वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचे सँ-पिएर हे बंदराचे शहर नुकतेच जागे झाले होते. नाटकगृह, गोद्या, रमच्या भट्ट्या आणि गजबजलेल्या बाजारपेठा यांमुळे हे शहर कॅरिबियनमधील पॅरिस म्हणून ओळखले जाई. उत्तरेकडचा पेले पर्वत काही आठवड्यांपासून धुमसत होता. राखेचा थर रस्त्यांवर साचत होता. तरीही शहर रिकामे झाले नव्हते. बेटाचे गव्हर्नर लुई मुते आदल्याच दिवशी पत्नीसह तेथे आले होते. सकाळी आठच्या सुमारास पर्वताच्या अंगातून एक प्रचंड काळा ढग बाहेर पडला आणि आकाशात उंच जाण्याऐवजी उताराला लगटून खाली झेपावला. अवघ्या काही मिनिटांत शहर संपले. गव्हर्नरांसह सुमारे २८ हजार माणसे मरण पावली. शहरातून जिवंत सापडलेल्यांची गणती एका हाताच्या बोटांवर करता येईल एवढीच होती.

त्या क्षणी तेथे चलत्चित्रणाचा कॅमेरा नव्हता. असता, तरी तो चालविणारा हात उरला नसता. आणि तरीही त्याच वर्षी पॅरिसमध्ये हा स्फोट पडद्यावर दिसू लागला. प्रेक्षकांनी पर्वत धुमसताना पाहिला, शिखरातून उसळणाऱ्या ज्वाळा पाहिल्या, पायथ्याचे शहर धुरात नाहीसे होताना पाहिले. जेमतेम मिनिटभराच्या या चित्रपटाचा निर्माता मार्टिनिकला कधी गेलाच नव्हता. पॅरिसच्या पूर्वेला माँत्रय येथील आपल्या काचेच्या स्टुडिओत त्याने पर्वत उभा केला होता आणि तेथेच तो पेटवला होता. हा निर्माता म्हणजे जॉर्ज मेलिएस.

मेलिएस यांचे नाव घेतले की चंद्राच्या डोळ्यात रुतलेला तोफगोळा आठवतो. स्वप्ने, पऱ्या, भुते आणि अदृश्य होणारी माणसे यांचा हा किमयागार एका नैसर्गिक आपत्तीच्या वाटेला का गेला आणि त्याने जे केले त्याचे मोल काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच दडलेले आहे.

मारी-जॉर्ज-जाँ मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील जाँ-लुई हे साध्या कारागिराच्या पातळीवरून वर चढत उंची बूट बनविणाऱ्या कारखान्याचे मालक झालेले गृहस्थ. आई मूळची डच. तीन भावांत जॉर्ज धाकटे. लुई-ल-ग्राँ या नामांकित विद्यालयात शिकत असताना वह्या-पुस्तकांच्या समासांत चित्रे आणि व्यंगचित्रे काढण्याचा नाद त्यांना लागला. पुढे चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. पण घरात कलावंत नको, कारखान्याला वारस हवा, असे वडिलांचे मत पडले. मुलगा कारखान्यात रुजू झाला. तेथे यंत्रे दुरुस्त करण्यात आणि शिवणकामात त्यांचा हात बसला. बुटांचा धंदा त्यांनी कधी आपला मानला नाही; पण ही दोन्ही कौशल्ये पुढे त्यांना जन्मभर पुरली.

१८८४ मध्ये व्यवसायाचा अनुभव आणि इंग्रजी भाषा मिळवावी म्हणून त्यांना लंडनला पाठविण्यात आले. इंग्रजी कच्चे असल्याने शब्दांवाचून समजणाऱ्या करमणुकीकडे त्यांचे पाऊल वळले. इजिप्शियन हॉल या नाट्यगृहात मास्केलाइन यांचे जादूचे प्रयोग चालत. तेथे त्यांना आपला खरा मार्ग सापडला. पॅरिसला परतल्यावर १८८५ मध्ये त्यांचा युजेनी जेनँ यांच्याशी विवाह झाला. वडील निवृत्त झाले तेव्हा मेलिएस यांनी कारखान्यातील आपला हिस्सा भावांना विकला आणि त्या पैशांतून १८८८ मध्ये थिएत्र रोबेर-उदँ हे छोटेखानी नाट्यगृह विकत घेतले. एकोणिसाव्या शतकातील थोर फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांच्या नावाचे हे नाट्यगृह कळसूत्री बाहुल्या आणि यंत्रांनी भरलेले होते. मेलिएस यांनी ती यंत्रे दुरुस्त केली, नवे प्रयोग बसविले, पडदे रंगविले आणि स्वतः रंगमंचावर उभे राहिले. जादूचा पहिला धडा त्यांनी येथे गिरवला: प्रेक्षकाला आपण फसविले जाणार आहोत हे ठाऊक असते, आणि त्यासाठीच तो तिकीट काढतो.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेमध्ये ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला सशुल्क खेळ झाला. निमंत्रितांत मेलिएस होते. पडद्यावर हलणारी माणसे पाहून ते इतके भारावले, की त्यांनी यंत्र विकत मागितले. ते विकायला ल्युमिएर कुटुंबाने साफ नकार दिला. हेच यंत्र सुमारे सहा महिन्यांत मुंबईत येऊन पोहोचले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलमध्ये मुंबईकरांनी ल्युमिएर यांची चलत्चित्रे पाहिली. मेलिएस मात्र नकाराने थांबले नाहीत. लंडनच्या रॉबर्ट पॉल यांच्याकडून त्यांनी चित्रे दाखविण्याचे यंत्र आणले, ते उलगडून पाहिले आणि त्याच्या आधारे स्वतःचा कॅमेरा तयार करविला. कारखान्यात यंत्रांशी केलेली झटापट अशी कामी आली.

१८९६ या पहिल्याच वर्षात त्यांनी सत्तरहून अधिक छोटे चित्रपट काढले. त्यांपैकी बरेचसे ल्युमिएर यांच्या वळणाचे होते: रस्ते, गाड्या, पत्ते खेळणारी मंडळी. पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण चालू असताना कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर घोड्यांच्या बसची एकाएकी शववाहिका झाली, ही आख्यायिका त्यांनीच उतारवयात सांगितली. ती खरी असो वा नसो, कॅमेरा थांबवून दृश्य बदलण्याची युक्ती त्यांना त्याच वर्षी गवसली आणि खुर्चीवर बसलेली बाई पाहता पाहता नाहीशी करणारा चित्रपट तयार झाला. १८९७ मध्ये माँत्रय येथील घराच्या आवारात त्यांनी काचेचा स्टुडिओ बांधला. छत काचेचे, भिंती काचेच्या, आत रोबेर-उदँच्या मापाचा रंगमंच. सूर्यप्रकाश हाच दिवा. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, वेशभूषाकार आणि प्रमुख नट या सगळ्या भूमिका त्यांनी एकट्याने पेलल्या. त्यांच्या स्टार फिल्म या संस्थेचे चित्रपट युरोप-अमेरिकेत विकले जाऊ लागले.

याच स्टुडिओत बातम्याही तयार होऊ लागल्या. त्या काळात कॅमेरा अवजड होता, फिल्म मंद होती आणि रणांगणावर किंवा न्यायालयात कॅमेऱ्याला प्रवेश नव्हता. प्रेक्षकाला मात्र वर्तमानपत्रात वाचलेली घटना पडद्यावर हवी होती. ही गरज भागविण्यासाठी घटनांचे पुनर्निर्माण करण्याचा प्रघात पडला. १८९७ मध्ये मेलिएस यांनी ग्रीक-तुर्की युद्धातील प्रसंग उभे केले. १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात मेन ही अमेरिकन युद्धनौका बुडाली, तेव्हा कॅमेऱ्यासमोर माशांची काचपेटी ठेवून त्यामागे पाणबुड्यांचे काम दाखविले. १८९९ मध्ये ड्रेफस खटल्यावर अकरा दृश्यांची मालिका काढली आणि निरपराध ड्रेफस यांच्या बाजूने सहानुभूती उभी केली. त्या चित्रपटावरून प्रेक्षागृहात हमरीतुमरी झाल्याच्या हकिकती आहेत. म्हणजे नकली प्रसंगाला खऱ्या वादाचे वजन येऊ शकते, हे मेलिएस यांना १९०२ पूर्वीच कळून चुकले होते. दुसरीकडे, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कॅमेरा घेऊन त्यांनी खरीखुरी दृश्येही टिपली होती. खरे आणि रचलेले या दोन्ही प्रकारांची त्यांना पुरती ओळख होती.

अशा वेळी सँ-पिएरची बातमी आली. फ्रान्सच्या दृष्टीने ती परदेशातली नव्हती; आपल्याच झेंड्याखालचे एक शहर पुसले गेले होते. मेलिएस यांनी पर्वत, शहर आणि समुद्र यांची छोटी प्रतिकृती उभारली. राख, खडूची पूड, रंगीत पाणी आणि शोभेची दारू अशा साध्या साहित्यातून त्यांनी धूर, ज्वाळा आणि वाहता तप्त रस साकारला. तोंडावर नाटकाचा रंग नाही, मंचावर विदूषक नाही, पऱ्या नाहीत. फक्त पर्वत आणि त्याच्या पायथ्याचे असहाय शहर. मेलिएस यांच्या एरवीच्या खेळकर चित्रपटांच्या शेजारी ठेवला, तर हा चित्रपट विलक्षण गंभीर वाटतो.

ते एकटे नव्हते. फ्रान्समध्ये पाते कंपनीसाठी फेर्दिनाँ झेका यांनी याच आपत्तीवर चित्रपट काढला. अमेरिकेत एडिसन कंपनीने प्रतिकृतींच्या साह्याने पेलेचा स्फोट आणि सँ-पिएरचे जळणे दाखविले. पण त्याच कंपनीने आपला माणूस मार्टिनिकला धाडून उद्ध्वस्त शहराची खरी दृश्येही आणली. अशा रीतीने एकाच आपत्तीची दोन प्रकारची चित्रणे बाजारात शेजारी शेजारी मांडली गेली. एकात घटना होती, पण ती बनावट होती. दुसऱ्यात सत्य होते, पण घटना होऊन गेलेली होती. दोहोंत अधिक मोलाचे कोणते?

आपत्तीचा पुरावा म्हणून पाहिले, तर निर्णय सोपा आहे. मेलिएस यांचा ज्वालामुखी चुकीचा आहे. त्यांनी दाखविला तो लोकांच्या मनातला, व्हेसुव्हियसच्या चित्रांतून परिचित झालेला ज्वालामुखी: वर आग, खाली वाहणारा रस. सँ-पिएरचा घात लाव्हाने केला नव्हता. फ्रेंच विज्ञान अकादमीने पाठविलेले भूवैज्ञानिक आल्फ्रेद लाक्रवा १९०२ च्या जूनमध्ये मार्टिनिकला गेले. त्यांनी महिनोन् महिने पर्वताचा अभ्यास केला, पुढच्या स्फोटांची छायाचित्रे घेतली आणि १९०४ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. तप्त वायू, राख आणि दगड यांचा जमिनीलगत धावणारा ढग हाच खरा मारेकरी होता, हे त्यातून जगाला कळले. त्या ढगाला त्यांनी दिलेले धगधगत्या मेघाचे नाव ज्वालामुखीशास्त्रात रूढ झाले. ताशी शंभर किलोमीटरहून कितीतरी अधिक वेगाने येणाऱ्या या मेघापुढे पळायला अवधीच नसतो. मेलिएस यांचा चित्रपट पाहून कोणी ज्वालामुखीपासून सावध राहू म्हणेल, तर तो रस येण्याची वाट पाहत बसेल आणि मरेल. आपत्तीच्या चित्रणातली चूक केवळ कलेतली चूक राहत नाही, ती अशी.

बनावट ओळखायला फार मोठी विद्याही लागत नाही. घरे लहान करता येतात, डोंगर लहान करता येतो. पण आग आणि पाणी लहान करता येत नाही. ज्वाळेची जीभ, धुराची गुंडाळी आणि पाण्याची लाट यांचा आकार व वेग निसर्गाने ठरविलेला असतो. वीतभर घराशेजारी ती ज्वाळा राक्षसी दिसते आणि धूर डोंगराच्या मानाने फार चपळ वाटतो. शिवाय कॅमेरा कोठे उभा होता, असे विचारले की सगळे उलगडते. शहर, पर्वत आणि समुद्र एकाच चौकटीत नीट बसतील अशा जागी, स्फोटाच्या ऐन क्षणी, कोणी माणूस शांतपणे कॅमेऱ्याची मूठ फिरवत उभा असणे शक्यच नव्हते.

एडिसन कंपनीने आणलेली भग्न शहराची दृश्ये या कसोटीवर उतरतात. तशी दृश्ये पाहणाऱ्याला प्रथम निराश करतात, कारण त्यांत काहीच घडत नाही. ओस भिंती, उडालेली छपरे, दगडांचे ढीग. पण त्याच भिंती जाणकाराशी बोलतात. सँ-पिएरमध्ये पर्वताकडून येणाऱ्या झोताच्या दिशेला समांतर असलेल्या भिंती पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या आणि आडव्या भिंती कोसळल्या. विनाश वरून आला की बाजूने, हे सांगायला तेवढा पुरावा पुरतो. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९०० मध्ये, अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहर चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाले आणि किमान सहा हजार माणसे दगावली, तेव्हाही एडिसन कंपनीसाठी अवशेषांची अशीच चित्रणे झाली होती. ती आज काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. वादळ त्यांत नाही. वादळाने काय केले, ते मात्र निर्विवाद आहे.

चित्रणाचे मोल कधी त्यात न दिसणाऱ्या गोष्टीवरही ठरते. १९०६ च्या एप्रिलमधील सॅन फ्रान्सिस्को भूकंपापूर्वी माइल्स बंधूंनी तेथील मार्केट स्ट्रीटवरून ट्रामच्या पुढच्या बाजूला कॅमेरा ठेवून एक चित्रण केले होते. ते दीर्घकाळ १९०५ मधले मानले जाई. चित्रपट-इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड कीन यांनी रस्त्यावर साचलेले पाणी, त्या दिवसांतल्या हवामानाच्या बातम्या आणि मोटारींच्या क्रमांकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि ते भूकंपाच्या थोडेच दिवस आधीचे असल्याचे दाखवून दिले. चौकटीतले एक चित्रही बदलले नाही. पण त्या रस्त्यावरून निर्धास्तपणे चालणाऱ्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तारीख, जागा आणि चित्रण करणाऱ्याची ओळख यांवाचून फीत मुकी असते.

मग मेलिएस यांचा पर्वत टाकाऊ ठरवायचा काय? त्याआधी त्यांची बाजू ध्यानात घ्यायला हवी. त्यांच्या धंद्यात फसवणूक आणि भ्रम या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९०२ मध्येच त्यांनी लंडनच्या चार्ल्स अर्बन यांच्यासाठी सातव्या एडवर्ड यांच्या राज्याभिषेकाचा चित्रपट माँत्रयला आधीच बनवून ठेवला. राजे आजारी पडले, जूनमधला समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला आणि चित्रपट थांबून राहिला. हा नाट्यप्रवेश आहे, हे तेथे लपविलेले नव्हते. वर्तमानपत्रांतही युद्धांची आणि आपत्तींची चित्रे कलावंत मागाहून कल्पनेने काढीत, आणि वाचक त्यांना लबाडी म्हणत नसे. मेलिएस यांनी तेच काम पडद्यावर केले.

तरीही त्यांची जबाबदारी पुरती संपत नाही. त्या काळी चित्रपट भाड्याने जात नसत, मीटरच्या भावाने कायमचे विकले जात. एकदा फीत जत्रेतल्या तंबूवाल्याच्या हाती पडली, की तो दारावर काय ओरडून सांगेल यावर निर्मात्याचा ताबा नव्हता. सँ-पिएरच्या तुरुंगातील दगडी कोठडीत सिपारी नावाचा कैदी भाजलेल्या अवस्थेत जिवंत सापडला होता. पुढे अमेरिकेतील बार्नम अँड बेली सर्कशीने त्याला कोठडीच्या प्रतिकृतीसह गावोगाव मिरविले. तो माणूस खरा होता, जखमा खऱ्या होत्या, आणि प्रदर्शन तरीही बाजारीच होते. ज्या जगात खरा वाचलेला माणूस तमाशा ठरतो, तेथे खोट्या पर्वताला एकट्याने दोषी धरणे कठीण आहे. फक्त चौकटीबाहेर राहिलेल्या २८ हजारांचा विसर पडता कामा नये.

मेलिएस यांच्या चित्रपटाचे मोल आहे, ते वेगळ्या खात्यावर. सँ-पिएरला ८ मे रोजी काय घडले, याचा तो पुरावा नाही. ते ऐकून पॅरिसच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले, याचा तो अस्सल पुरावा आहे. आपत्तीविषयीचे अज्ञान, भीती आणि पाहण्याची अनावर ओढ त्यात जशीच्या तशी जपली गेली आहे. लाक्रवा यांचा ग्रंथ जी समजूत पुसून टाकणार होता, ती समजूत या मिनिटभरात साठलेली आहे. शिवाय, प्रतिकृती उभारून महासंकट पडद्यावर आणण्याची जी विद्या पुढे जगभरच्या चित्रपटसृष्टीने आपलीशी केली, तिच्या आरंभीच्या धड्यांपैकी हा एक आहे.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये मेलिएस यांचा चंद्रप्रवासाचा चित्रपट आला आणि ते जगप्रसिद्ध झाले. कीर्ती मिळाली, पैसा बराचसा दुसऱ्यांनी नेला. अमेरिकेत त्यांच्या चित्रपटाच्या चोरट्या प्रती सर्रास विकल्या जाऊ लागल्या. ते थोपविण्यासाठी त्यांनी थोरले बंधू गास्तों यांना न्यूयॉर्कला पाठविले आणि प्रत्येक चित्रपटाचे दोन मूळ साचे घेण्यास सुरुवात केली. १९०९ मध्ये पॅरिसला भरलेल्या चित्रपट-निर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. पण धंदा आता कारखान्यांच्या हाती चालला होता. प्रेक्षकांना लांब कथा आणि मोकळ्या जागेतली दृश्ये हवी होती. मेलिएस यांचा कॅमेरा नाट्यगृहातल्या प्रेक्षकासारखा एका जागी बसून होता. १९११ मध्ये त्यांनी पाते कंपनीकडून कर्ज घेतले व त्यापोटी मालमत्ता गहाण पडली. दक्षिण समुद्रातील बेटांवर चित्रणासाठी गेलेल्या गास्तों यांच्या मोहिमेतही मोठे नुकसान झाले. १९१३ मध्ये पत्नी युजेनी वारल्या आणि चित्रपटनिर्मितीही संपली.

पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या चित्रपटांची किंमत इतरांनी ठरविली. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने त्यांच्या चारशेहून अधिक प्रती ताब्यात घेतल्या. त्या वितळवून त्यांतील चांदी काढण्यात आली आणि उरलेल्या सेल्युलॉइडपासून सैनिकांच्या बुटांच्या टाचा बनविल्या गेल्या. बुटांच्या कारखान्यातून सुटका करून घेतलेल्या या कलावंताची निर्मिती अखेर बुटांतच गेली. १९२३ मध्ये रस्तारुंदीत रोबेर-उदँ नाट्यगृह पाडले गेले. त्याच वर्षी माँत्रयची जागाही हातची गेली. साचे ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा संतापाच्या आणि निराशेच्या भरात मेलिएस यांनी माँत्रयला साठविलेले आपले मूळ साचे स्वतःच्या हाताने जाळून टाकले. खोट्या शहराला आग लावणाऱ्याने आता आपल्याच शहराला आग लावली होती, आणि ही आग प्रतिकृतीची नव्हती.

१९२५ मध्ये त्यांनी आपल्या चित्रपटांतील जुन्या सहकारी अभिनेत्री झान द'आल्सी यांच्याशी विवाह केला. माँपार्नास रेल्वे स्थानकात त्यांचे खेळणी आणि मिठाईचे दुकान होते. एकेकाळी चंद्रावर स्वारी करणारा हा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तेथे बसून मुलांना बाहुल्या विकत असे. चित्रपटविषयक नियतकालिकाचे संपादक लेओं द्रुओ यांनी त्यांना तेथे ओळखले आणि विस्मृतीचा पडदा दूर होऊ लागला. १६ डिसेंबर १९२९ रोजी साल प्लेयेल येथे त्यांचा भव्य सत्कार झाला. शोधून काढलेल्या मोजक्या प्रती तेथे दाखविण्यात आल्या. १९३१ मध्ये त्यांना लेजिआँ दॉनर हा सन्मान मिळाला. तो प्रदान केला लुई ल्युमिएर यांनी. छत्तीस वर्षांपूर्वी ज्या घराने यंत्र द्यायला नकार दिला होता, त्याच घराने आता त्यांच्या छातीवर पदक लावले.

१९३२ मध्ये चित्रपट व्यावसायिकांच्या संस्थेने त्यांची ऑर्ली येथील वृद्धाश्रमात सोय केली. तेथेच त्यांच्या आयुष्यातली अखेरची आणि कदाचित सर्वांत बोलकी घटना घडली. आँरी लाँग्लवा आणि जॉर्ज फ्रांजू हे दोन तरुण जुने चित्रपट भंगारातून वाचविण्याच्या ध्यासाने पछाडले होते. १९३६ मध्ये त्यांनी सिनेमातेक फ्रांसेज ही संस्था स्थापन केली. डबे ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी वृद्धाश्रमाच्या आवारातील एक रिकामी इमारत घेतली आणि तिच्या किल्ल्या मेलिएस यांच्याकडे सोपविल्या. आपले साचे जाळणारा माणूस इतरांच्या चित्रपटांचा राखणदार झाला. २१ जानेवारी १९३८ रोजी कर्करोगाने त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. पेर लाशेझ दफनभूमीत ते विसावले आहेत.

मेलिएस यांनी पाचशेहून अधिक चित्रपट काढले. त्यांपैकी दोनशेच्या आसपास आज उपलब्ध आहेत. त्यांतले पुष्कळसे वाचले ते चोरट्या प्रतींमुळे, संग्राहकांच्या माळ्यांवर पडून राहिलेल्या डब्यांमुळे आणि गास्तों यांच्याकडे अमेरिकेत गेलेल्या दुसऱ्या साच्यांमुळे. ज्या चोरीने त्यांना बुडविले, तिनेच त्यांचे काम काही अंशी राखले. पेले पर्वताचा चित्रपटही आज पाहता येतो. २०११ मध्ये मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ह्यूगो या चित्रपटाने खेळण्यांच्या दुकानातील म्हाताऱ्या मेलिएस यांना नव्या पिढीपुढे आणले.

जुनी फीत टाकाऊ कधी ठरवावी, याचा धडा महाराष्ट्रानेही महागात घेतला आहे. प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा राजा हरिश्चंद्र संपूर्ण स्वरूपात उरलेला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरील कितीतरी जुने चित्रपट खाक झाले. नायट्रेटची फीत स्वतःच ज्वालाग्राही असते. तिचे मोल उमगेपर्यंत ती वाट पाहत नाही.

आज भूकंप, त्सुनामी वा महापूर आला की शेकडो मोबाइल एकाच वेळी तो टिपतात आणि संगणकावर रचलेली बनावट दृश्येही त्याच वेगाने पसरतात. त्यामुळे मेलिएस यांच्या मिनिटभराच्या पर्वताकडे हसून पाहणे परवडणारे नाही. कॅमेरा कोठे होता, चित्रण कोणी केले, कधी केले आणि ते काय म्हणून दाखविले गेले, हेच चार प्रश्न आजही विचारावे लागतात. त्यांची उत्तरे मिळाली, की बनावट फीतही आपल्या जागी सत्य सांगू लागते. न मिळाली, तर खरी फीतही खोटी साक्ष देऊ शकते. मात्र हे प्रश्न विचारण्यासाठी आधी ती फीत शिल्लक असावी लागते. ऑर्लीच्या वृद्धाश्रमात किल्ल्यांचा जुडगा सांभाळणाऱ्या त्या वृद्ध जादूगाराला ही गोष्ट इतर कोणाहीपेक्षा अधिक चांगली ठाऊक होती.